बाटलीवरचे वाचावे कुणी?

मुलींनी नखे रंगवावीत की नाही, यावर आपल्याकडे वाद फार. वडीलधाऱ्यांना त्यात थिल्लरपणा दिसतो, मुलींना हौस वाटते. पण पडेगावच्या दुकानात किंवा छावणीच्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या त्या इवल्याशा बाटलीत असते तरी काय, हे दोघांपैकी कुणीच विचारीत नाही.

नेलपॉलिशचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. कापूस किंवा लाकडाच्या लगद्यावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून तो बनवितात. याचाच जहाल भाऊ म्हणजे तोफा-बंदुकांतला गनकॉटन. जुन्या चित्रपटांच्या फितीही याच कुळातल्या. २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा फितींना आग लागली आणि मोठा ठेवा नष्ट झाला.

हा पदार्थ इथाइल व ब्यूटाइल ॲसिटेटमध्ये विरघळवून त्यात रंग मिसळतात. नाकाला झोंबतो तो वास या द्रावकांचा. ती उडून गेली की नखावर पापुद्रा उरतो. रिमूव्हरमधले ॲसिटोन तोच पापुद्रा पुन्हा विरघळविते, इतकेच. मेंदीचे तसे नाही. तिचा रंग नखातल्या प्रथिनाशीच जडतो. म्हणून नख वाढेपर्यंत तो जात नाही.

ॲसिटोनची वाफ उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. शिवाय ती हवेपेक्षा जड. जमिनीलगत सरपटत स्टोव्हपर्यंत किंवा देवापुढच्या निरांजनापर्यंत पोहोचते. वसतिगृहाच्या कोंदट खोलीत हे ठाऊक असलेले बरे. बाटलीवर 'ॲसिटोनविरहित' छापले म्हणूनही निर्धास्त राहू नये. त्याऐवजी वापरले जाणारे इथाइल ॲसिटेटही तितकेच ज्वालाग्राही आहे. पॉलिशला लवचिकपणा देणारे डायब्यूटाइल थॅलेट तर युरोपीय संघाने २००४ साली सौंदर्यप्रसाधनांतून वर्ज्य केले.

यावर कुणी म्हणेल, "आम्ही कलाशाखेचे, रसायनशास्त्राशी आमचा काय संबंध?" माझ्या मते संबंध आपलाच आहे. घटकांची यादी बारीक इंग्रजी अक्षरांत असते आणि ती मराठीत आणणे हे भाषेचे काम आहे. आपल्या भित्तिपत्रकाचा एक अंक अशा बाटल्यांवरील शब्दांच्या अर्थांना द्यावा. विज्ञानाच्या प्राध्यापकांकडून तो तपासून घ्यावा.

मैत्रिणींनो, हौस जरूर करा. मुलींना दटावण्याने आजवर कुणाचे भले झालेले नाही. मात्र जे आपण रोज अंगाला लावतो, त्याचे नावही आपल्याला वाचता येऊ नये, ही गोष्ट शिकलेल्या माणसाला शोभणारी नाही.