पाटी मुकी आहे, हे बरंच आहे

हमरस्त्याच्या एखाद्या तुकड्याला कर्तव्यावर मारल्या गेलेल्या पोलिसाचं नाव द्यायचं, या अमेरिकी प्रथेची आमच्या इथल्या मराठी मंडळींत हमखास टिंगल होते. सत्तर मैलांच्या वेगानं जाणारा माणूस पाटी वाचणार कधी? वाचली तरी त्याला कळणार काय? नाव, हुद्दा, संपलं. तो कोण, कसा गेला, का गेला, काहीच नाही. असली मुकी पाटी लावून कोणाचं स्मरण होतं?

मला वाटतं, पाटी मुकी आहे हाच तिचा गुण. न्यूमनचं उदाहरण घ्या.

न्यूमन हे कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकिन खोऱ्यातलं शेतीवाडीचं छोटं गाव. तिथल्या पोलीस दलात रोनिल सिंग कॉर्पोरल होते. मूळचे फिजीचे. ऊसमळ्यांवर राबायला गिरमिटिये म्हणून नेलेल्या भारतीयांचे वंशज जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तो देश. पोलीस व्हायचं म्हणून अमेरिकेत आलेला हा माणूस २०११ साली न्यूमनच्या दलात लागला. २६ डिसेंबर २०१८ ला, नाताळची रात्र उलटून गेल्यावर, दारू पिऊन गाडी चालवत असल्याच्या संशयावरून त्यांनी एकाला थांबवलं. त्यानं गोळ्या झाडल्या. सिंग ३३ वर्षांचे होते, घरी काही महिन्यांचा मुलगा होता. काही तास आधी काढलेला बायको, मूल आणि पोलीस दलातला कुत्रा यांच्यासोबतचा फोटो नंतर देशभर फिरला.

पण फोटोपेक्षा जास्त फिरला तो मारेकऱ्याच्या कागदपत्रांचा प्रश्न. तो मेक्सिकोतून बेकायदा आलेला होता. सीमेवरच्या भिंतीच्या पैशावरून त्या दिवसांत वॉशिंग्टनमध्ये सरकारी कामकाज ठप्प होतं. ८ जानेवारी २०१९ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी देशाला उद्देशून भाषण केलं, त्यात या खुनाचा उल्लेख आला. कॅलिफोर्नियातला एक तरुण पोलीस अधिकारी, एवढाच. नाव नाही! गरज मरणाची होती, मेलेल्याची नव्हती. तिकडे शेरीफनं राज्याच्या स्थलांतरितांना झुकतं माप देणाऱ्या कायद्याकडे बोट दाखवलं, तर भिंतीचे विरोधक म्हणू लागले, अहो, मरणाराही स्थलांतरितच होता. दोन्हीकडच्यांना सिंग पुराव्यापुरते हवे होते.

या गदारोळानंतर एकच गोष्ट अशी झाली जिनं त्यांच्या मरणातून काहीही सिद्ध करू पाहिलं नाही. न्यूमनजवळच्या हायवे ३३ च्या तुकड्याला त्यांचं नाव दिलं गेलं. पाटीवर भिंत नाही, सीमा नाही, मारेकऱ्याचं नावही नाही. ज्या टीकाकाराला पाटीनं 'काहीतरी सांगावं' असं वाटतं, त्यानं तिच्यावर एक वाक्य लिहून दाखवावं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी काळं फासून जाईल.

आणि वाचणार कोण, हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लांब पल्ल्याचा प्रवासी असतो. त्या रस्त्यानं गावातलीच माणसं रोज जातात. त्यांना सांगायची गरज नाही, आठवण पुरते.

आपल्याकडे नाव देणं म्हणजे आधी कोणाचं तरी नाव पुसणं, मग मोर्चे, मग प्रतिमोर्चे. म्हणून आपल्याला ही प्रथा संशयास्पद वाटते. इथे हायवे ३३ हा हायवे ३३ च राहतो. कोणाचा पत्ता बदलत नाही, कोणी पत्ता सांगताना सिंगांचं नाव घ्यावं अशी अपेक्षाही नाही. नावाला एवढा बडेजाव लागत नाहीच. गिरगाव चौपाटीपाशी कसाबची रायफल धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळ्यांचं नाव २०२१ साली एका इवल्याशा कोळ्याला मिळालं: आयसियस तुकारामी. त्यात मला तरी काही कमीपणा दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा की पोलिसांच्या नावानं पाट्या लावल्या की पोलिसांच्या जुलमावर पांघरूण पडतं. जुलूम खरा आहे, त्याचा जाब मागायलाच हवा. पण सिंगांचं नाव पुसून तो कोणाला मिळेल? पाटीवर एका माणसाचं नाव आहे, खात्याला दिलेलं प्रशस्तिपत्र नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला उडवून लावता येत नाही. पोलिसांनाच का? कॅलिफोर्नियाच्या रस्तेखात्याचे, कॅलट्रान्सचे, १८० हून अधिक कामगार १९२१ पासून कामावर असताना मेले. त्यांनी तर तो रस्ता हातानं बांधला, राखला. कायद्यानं त्यांच्या नावाला आडकाठी नाही. विधिमंडळाची दोन्ही सभागृहं ठराव करतात, राज्यपालांची सहीसुद्धा लागत नाही. मग कॅलट्रान्स पाटीचा खर्च काढतं आणि सरकारी तिजोरीबाहेरून देणगी जमली की पाटी उभी करतं. करदात्याच्या पैशावर उधळपट्टी चालली आहे म्हणणाऱ्यांना हे आपसूक उत्तर आहे, आणि मीही ते पुष्कळदा ऐकवलं आहे.

पण याच अटीत खोट आहे. पोलिसांच्या मागे संघटना असते, शहर असतं, आमदाराकडे वजन असतं. देणगी उभी राहायला अडचण पडत नाही. तेव्हा तक्रार करायची तर पाटीची करू नका, त्या अटीची करा. कामावर मेलेल्या प्रत्येकाच्या पाटीचे पैसे राज्यानंच द्यावेत. पत्रा आणि दोन खांब, त्याला लागतं किती? रस्त्याच्या कडेला शंकू लावताना एखाद्या बेभान गाडीखाली सापडलेल्याच्या बायकोनं वर्गणीची वही घेऊन कोणाच्या दारात जायचं?