हुकलेली पहिली
हिरकणीवाडीच्या निमित्ताने शालेय शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
शालेय शिक्षण व क्रीडा विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
आणि
प्राथमिक शिक्षण विभाग, रायगड जिल्हा परिषद, अलिबाग

विषय : साथीच्या काळात पहिलीत दाखल झालेल्या मुलांचे राहून गेलेले शिक्षण आणि वाडीवरच्या शाळा

कोविड-19च्या साथीमुळे मार्च 2020च्या मध्यावर बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात 1 डिसेंबर 2021 रोजी पुन्हा भरले. दाराला आंब्याची तोरणे बांधून, हातावर जंतुनाशकाचे दोन थेंब आणि कपाळाला कुंकू लावून गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांनी त्या वेळी मुलांचे जे स्वागत केले, त्यातील जिव्हाळ्याविषयी शंका घेण्याचे काही कारण नाही. प्रस्तुत पत्र सुरू होते ते त्या स्वागताच्या दुसऱ्या दिवसापासून. वीस महिन्यांनी वर्गात परतलेले मूल हजेरीपटावर दुसरीत होते, पण त्याने पहिलीचा वर्ग एक दिवसही पाहिलेला नव्हता, आणि त्या न झालेल्या पहिलीचा हिशेब मुलाच्या नावानिशी कोठेही मांडला गेलेला दिसत नाही.

हा प्रश्न साऱ्या राज्याचा असला तरी तो एखाद्या ठिकाणी उभे राहून पाहिला म्हणजे नीट दिसतो, आणि त्यासाठी महाड तालुक्यातील हिरकणीवाडीइतके योग्य ठिकाण सापडणे कठीण. रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडच्या शेजारी असलेल्या या वाडीतून गडावर जाणारा रज्जुमार्ग 1996पासून चालतो, आणि तेव्हापासून येथील व आसपासच्या वाड्यांवरील अनेक घरांचे पोट भातशेतीइतकेच गडावर येणाऱ्या माणसांवर अवलंबून राहिले आहे. कोणी ताक-सरबत विकते, कोणी पिठले-भाकरीचे जेवण घालते, कोणी वाट दाखवते. केंद्र सरकारने संरक्षित स्मारके 17 मार्च 2020 रोजी बंद केली तेव्हा रायगडही बंद झाला. शाळा आणि चूल यांवर एकाच आठवड्यात घाव पडला. त्यानंतर मुंबईहून चाकरमानी परतले आणि कोकणात ठिकठिकाणी शाळांच्या इमारतींचा उपयोग विलगीकरणासाठी, म्हणजे बाहेरून आलेल्यांना काही दिवस वेगळे ठेवण्यासाठी, झाला. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याने आतल्या तालुक्यांतही घरांची छपरे उडवली, विजेचे खांब आडवे केले. पुढच्या वर्षी 22 जुलै 2021 रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले, त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून 80हून अधिक माणसे दगावली आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही माणसे गाडली गेली. इतर अनेक जिल्ह्यांतील मुलांनी साथीची दोन वर्षे काढली. महाड-पोलादपूरच्या मुलांनी त्यांतच वादळ, पूर आणि दरडीही सोसल्या.

शाळा उघडण्याचा जो क्रम विभागाने ठरवला, त्याची येथे आठवण देणे आवश्यक आहे. नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020पासून, पाचवी ते आठवीचे 27 जानेवारी 2021पासून सुरू करण्यास परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेनंतर 15 जुलै 2021पासून कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडले, 4 ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे, आणि सर्वांत शेवटी पहिली ते चौथीचे. ते सुरू होऊन सहा आठवडे होतात न होतात तोच जानेवारी 2022मध्ये तिसऱ्या लाटेपायी ते पुन्हा बंद झाले आणि 24 जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने उघडले. मोठ्यांना परीक्षा असतात म्हणून मोठे आधी, असा यामागचा विचार असावा आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही; परंतु ज्याला वाचता येते ते मूल पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसू शकते, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यापाशी शिक्षकाखेरीज दुसरे साधनच नसते. डेन्मार्कने 15 एप्रिल 2020 रोजी, म्हणजे साथीच्या पहिल्याच वसंतात, शाळा उघडल्या तेव्हा लहान मुलांना आधी बोलावले. कोविडमुक्त गाव हा निकष जुलै 2021मध्ये आठवीसाठी लावता आला, तर डोंगरातल्या वाडीवरच्या वीस-पंचवीस मुलांच्या चौथीपर्यंतच्या शाळेसाठी तो का लावता आला नाही, याचे समाधानकारक उत्तर आजही मिळत नाही.

पहिलीचे वर्ष इतर वर्षांसारखे नसते, ही गोष्ट प्रशासनाच्या कागदावर दिसत नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. पहिलीत मूल मांडी घालून वा बाकावर एका जागी बसायला, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबायला, पेन्सिल तीन बोटांत धरायला आणि ओळीच्या आत अक्षर बसवायला शिकते, आणि हे सारे होत असतानाच आवाज व चिन्ह यांची गाठ त्याच्या मनात बसते. ती गाठ अर्धवट राहिलेले दुसरीतले मूल ‘कमळ’ वाचते, कारण शेजारी चित्र असते. ‘नयन’, ‘सरळ’ असे काना-मात्रा नसलेले शब्द एकेक अक्षर लावत ओढून नेते. आणि ‘बादली’पाशी येताच थांबते, काना आणि वेलांटी सोडून ‘बदल’ म्हणते, मग शिक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहते. त्याच वेळी त्याच खोलीत तिसरी-चौथीची मुले भागाकाराची उदाहरणे घेऊन बसलेली असतात, कारण वाडीवरची शाळा बहुधा द्विशिक्षकी असते आणि तेथे बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच शिक्षकाने एकाच वेळी दोन किंवा अधिक इयत्ता शिकवणे, हीच रोजची रीत असते. अशा वर्गात ‘बादली’पाशी अडलेल्या मुलासाठी द्यायला शिक्षकाकडे दिवसातून किती मिनिटे उरत असतील, याचा विचार विभागाने करावा.

शाळा बंद असताना काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिक्षकांनी पाठ्यपुस्तके घरपोच केली, शालेय पोषण आहाराचा कोरडा शिधा वाटला, पाड्यांवर आणि ओट्यांवर चार-चार मुले जमवून शिकवले. सह्याद्री वाहिनीवर 20 जुलै 2020पासून ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली आणि ती चांगली होती. पण सह्याद्रीच्या कड्यांखालच्या घळींत मोबाइलची रेंज धड मिळत नाही, आणि घरात फोन असला तरी तो कमावत्या माणसाबरोबर बाहेर जातो. ऑगस्ट 2021मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह 15 राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांत केलेल्या पाहणीत ग्रामीण भागातील केवळ 8 टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत असल्याचे आणि 37 टक्के मुले मुळीच शिकत नसल्याचे आढळले. विभागाने 1 जुलै ते 14 ऑगस्ट 2021 या 45 दिवसांत सेतू अभ्यासक्रम राबवला, म्हणजे मागील इयत्तेतील मुख्य भागाची उजळणी करून मुलाला नव्या इयत्तेत नेणारा छोटा अभ्यासक्रम. कल्पना योग्य होती. परंतु दुसरीतल्या मुलापुढे उजळणीला पहिली होतीच कोठे? आणि महाड-पोलादपूरमध्ये त्या 45 दिवसांच्या ऐन मध्यावर 22 जुलै आला.

शाळा उघडली की मागे पडलेले मूल आपोआप बरोबरीला येते, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा असल्याचा पुरावा उपलब्ध आहे. ऑक्टोबर 2005मध्ये पाकव्याप्त काश्मीर व लगतच्या प्रदेशात मोठा भूकंप झाला, तेथील शाळा सुमारे तीन महिने बंद राहिल्या. चार वर्षांनी ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनियल्स आणि जिष्णू दास या अभ्यासकांनी पाहिले तेव्हा घरे पुन्हा उभी राहिली होती, मुले शाळेत जात होती, पण भूकंपरेषेजवळची मुले दूरच्या मुलांपेक्षा जवळजवळ दीड इयत्ता मागे होती. तीन महिन्यांची खोट दीड वर्षाची झाली, याचा अर्थ ती शाळा उघडल्यानंतर वाढत गेली. वर्ग पुस्तकाच्या गतीने पुढे गेला आणि ज्याचा पाया सुटला होता त्याला पुढचे काहीच हाती लागले नाही, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी विभागाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे : ज्या मुलांच्या आईचे प्राथमिक शिक्षण झाले होते, ती मुले मागे पडली नव्हती.

आपल्याकडील आकडे याच दृष्टीने वाचले पाहिजेत. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण पाहणीत प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. देशभरातील सरकारी शाळांत तिसरीतली जी मुले ही गोष्ट वाचू शकत होती त्यांचे प्रमाण 2018मध्ये 20.9 टक्के होते, 2022मध्ये ते 16.3वर घसरले आणि 2024मध्ये 23.4वर गेले. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे श्रेय शिक्षकांना व पायाभूत साक्षरतेवर, म्हणजे समजून वाचणे आणि साधे हिशेब करणे यांवर, नंतरच्या वर्षांत दिल्या गेलेल्या भराला द्यावे लागेल. मात्र 2024मध्ये तिसरीत असलेले मूल 2022च्या जूनमध्ये उघड्या शाळेत दाखल झालेले आहे. 2020मध्ये दाखल झालेले मूल 2024मध्ये पाचवीत होते, आणि सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी त्या वर्षी 44.8 टक्केच दुसरीची गोष्ट वाचू शकत होते. पाचवीची सरासरी साथीपूर्वीही साधारण एवढीच होती, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. सरासरी पूर्वपदावर आली. पण तिच्या आत कोणते मूल सावरले आणि कोणते राहिले, हे ती सांगत नाही. ज्या घरी शिकलेली आई होती ते मूल सावरले असेल, आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाणारे कातकरी मूल उरलेल्या 55 टक्क्यांत असेल, असे मानायला भूकंपाच्या वरील अभ्यासावरून आधार मिळतो.

हिरकणीवाडीचे नाव जिच्यावरून पडले त्या हिरकणी गवळणीची कथा महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. गडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद होत, हा नियम गडाच्या रक्षणाचा होता आणि बरोबर होता. तरीही त्या नियमाच्या पलीकडे एक तान्हे मूल होते आणि त्याच्यासाठी गडावर अडकलेली आई कडा उतरली. या कथेचा उत्तरार्ध मात्र पुरेसा सांगितला जात नाही. शिवाजी महाराजांनी त्या आईचा सन्मान केला आणि जेथून ती उतरली त्या कड्यावर बुरूज बांधून घेतला, असे लोक सांगतात. म्हणजे राज्यकर्त्याने कौतुक तर केलेच, पण आपल्या व्यवस्थेत कोठे मोकळी जागा राहिली होती ते पाहून ती बंदही केली. साथीत शाळा बंद ठेवण्याचा नियम लोकांच्या रक्षणाचा होता. त्या काळात स्वतः निरक्षर असूनही मुलाला पाटी घेऊन बसवणाऱ्या, शेजारच्या मोठ्या मुलीला विनवून त्याला बाराखडी शिकवणाऱ्या आयांचे कौतुक पुष्कळ झाले, पण व्यवस्थेतील ती मोकळी जागा आजही तशीच राहिली आहे.

ती बंद करण्याऐवजी शाळाच बंद करण्याचा विचार मध्यंतरी पुढे आला, हे अधिक चिंतेचे आहे. सप्टेंबर 2023मध्ये कमी पटाच्या, म्हणजे वीसपेक्षा कमी विद्यार्थिसंख्येच्या, शाळांतील मुलांना एका मोठ्या ‘समूह शाळे’त आणण्याचे प्रस्ताव मागवले गेले, अशा शाळा राज्यात सुमारे 15 हजार होत्या, आणि तोरणमाळ व पानशेत येथील प्रयोग नमुना म्हणून पुढे ठेवले गेले. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे धरले आहे, ते डोंगराळ भागात अधिकच अगत्याचे आहे, कारण नकाशावरचा किलोमीटर जुलै महिन्यात वेगळा असतो. मध्ये ओढा येतो, निसरडी पायवाट येते, आणि ज्या तालुक्याने 2005मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते आणि 2021मध्ये तळिये येथे दरडी कोसळताना पाहिल्या त्या तालुक्यात सहा वर्षांच्या मुलाला बसने लांबच्या शाळेत पाठवण्यास आई सहज तयार होणार नाही. जवळजवळ दोन वर्षांच्या खंडानंतर जी शाळा मुलाला कशीबशी परत मिळाली, ती पटाच्या कारणाने पुन्हा त्याच्यापासून दूर नेणे म्हणजे त्याच मुलावर दुसऱ्यांदा शाळाबंदी लादणे होय.

विभागाकडे मागणे फार मोठे नाही. जून 2019, 2020 आणि 2021मध्ये पहिलीत नाव घातलेली मुले आज वाडीच्या शाळेतून बाहेर पडून गावच्या मोठ्या शाळांत किंवा माध्यमिक विद्यालयांत आहेत, आणि जुन्या शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरवर त्यांतील प्रत्येकाचे नाव आहे. त्या नावांवरून महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत आधी प्रत्येक मुलाचे वाचन तोंडी तपासावे. यासाठी एक पान आणि दहा मिनिटे पुरतात, नव्या अ‍ॅपची गरज नाही. जे मूल गोष्टीपर्यंत पोहोचत नाही, त्याला सध्याच्या इयत्तेच्या पुस्तकाखाली दडपून न ठेवता रोज एक तास त्याच्या पातळीवर शिकवण्याची सोय करावी, आणि हे काम शिक्षकांच्या अंगावर आणखी एक अहवाल म्हणून न टाकता त्यासाठी माणूस द्यावा. ज्या मुलाचे नाव रजिस्टरवर आहे पण जे आज कोणत्याच शाळेत नाही, त्याचा शोध केंद्रप्रमुखांनी शाळा व्यवस्थापन समितीला बरोबर घेऊन वस्तीवर जाऊन घ्यावा. भट्टीवर गेलेली कुटुंबे पावसाच्या तोंडावर परततात, तेव्हा मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत ही माणसे घरी भेटतात. वाडीवरील प्रत्येक शाळेत दुसरे पद, जे साठ मुलांपर्यंतच्या शाळेला शिक्षण हक्क कायद्यानेच दिले आहे, शाळा उघडण्यापूर्वी प्रत्यक्ष भरलेले असावे. आणि पुढची साथ, पुढचे वादळ किंवा पुढची दरड आली तर कोणत्या वाडीची शाळा किती दिवस बंद राहील, तोवर मुले कोणाच्या ओट्यावर बसतील आणि सर्वांत लहान मुले सर्वांत आधी कशी परततील, याचा निर्णय तालुक्याच्या पातळीवर लेखी करून तो पावसाळ्यापूर्वी हिरकणीवाडीसारख्या प्रत्येक वाडीच्या शाळेत सूचनाफलकावर लावावा.