मोरीचा अर्ज



यंदा पण आमच्या खालच्या शिवारात आठ दिवस पाणी तुंबलं. सोयाबीन पिवळं पडलं, उसाच्या मुळ्या काळ्या झाल्या. पावसाला दोष देऊन उपयोग नाही. डांबरी करताना रस्ता भरावानं उचलला अन् ओढ्यावरची रुंद मोरी जाऊन एकच सिमेंटचा नळा आला. आख्ख्या ओढ्याचं पाणी नळ्यात मावणार कसं?

लगेच निवेदन निघालं. सह्या झाल्या, फोटो झाला. विषय काय, तर "पाण्याचा निचरा होणेबाबत". असल्या अर्जाला "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" एवढंच उत्तर येणार, कारण मागितलंय काय तेच त्यात नाही.

आधी रस्ता कुणाचा ते बघा. ग्रामीण मार्ग अन् इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकामाकडं, राज्यमार्ग अन् प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामाकडं. सरपंचाला धरून ते काम होत नाही. ग्रामसभेचा ठराव मात्र जोडा, त्याला वजन आहे. अर्जात गट नंबर, पाणी किती दिवस थांबलं, नळ्याचं तोंड टेपनं मोजून किती फूट, अन् गाव नकाशाची प्रत पाहिजे. आवक नंबर पडल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. महिनाभर काही हाललं नाही तर माहिती अधिकारात त्याच नंबरावर काय शेरा पडला ते विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता अवघड बोलतो. नकाशात ओढा चांगला रुंद आहे, जाग्यावर सरीएवढा उरलाय. सह्या करणाऱ्यांपैकी काहींचे बांध ओढ्यातच आहेत. मोरी मोठी करून पाणी पुढं जाणार कुठं? पाण्याची नैसर्गिक वाट अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडं दावा करता येतो, अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत. पण तिथं भावकी आडवी येते अन् सगळे गप्प. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी बघून या म्हणावं. निचरा नसला की मीठ वर येतं, मग बांध कुणाचा हे कोण विचारतंय?

रविवारी सकाळी टेप अन् नकाशा घेऊन ओढ्यावर जातोय, सोमवारी अर्ज. ज्यांचे बांध आत आलेत त्यांनी पण यावं, चहा माझ्याकडं.