परिपत्रकावरची तारीख

तंजावूरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे जपून ठेवलेली आहेत. तक्रार काय, डोळा कसा दिसत होता, उपचार कोणता केला, पुढे काय झाले, हे त्यांत नोंदलेले आहे आणि जोडीला रंगवलेली डोळ्यांची चित्रे आहेत. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने त्यांची सत्ता जेमतेम किल्ल्यापुरती उरली. राज्य करायला फारसे राहिले नाही म्हणून की काय, त्यांनी वेळ आणि पैसा ग्रंथांत, उपकरणांत आणि धन्वंतरी महालात घातला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक यांचे जाणकार एकत्र काम करत. दरबारचा कारभार मराठीत आणि कागद मोडीत असूनही धन्वंतरी महालात पारखलेले उपचार मात्र तमिळ पद्यात बांधून घेतले गेले. ‘शरभेंद्र वैद्य’ या नावाने ते आजही ओळखले जातात. गावात औषध देणारा वैद्य तमिळ बोलणारा होता आणि पद्य त्याच्या जिभेवर राहणार होते. राजाची भाषा दप्तरात आणि कामाची माहिती काम करणाऱ्याच्या भाषेत, ही साधी गोष्ट कोविडच्या साथीत आपल्या रुग्णालयांना जमली नाही.

साथीत कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की चर्चा मास्क, किट आणि विमा यांच्याशी येऊन थांबते. या गोष्टी हव्यातच. पण किट असूनही माणसे बाधित होतात, आणि त्यातला मोठा धोका किट उतरवतानाचा असतो. पाळी संपलेली असते, गॉगलवर वाफ धरलेली असते, घामाने हातमोजे चिकटलेले असतात. अशा वेळी आधी हातमोजे, मग हात निर्जंतुक करणे, मग गाऊन बाहेरची बाजू आत गुंडाळत काढणे, पुन्हा हात, मग गॉगल आणि सर्वांत शेवटी मास्क, तोही समोरून न धरता मागच्या पट्ट्यांनी, हा क्रम न चुकता पाळायचा असतो. जीव गुदमरलेल्या माणसाचा हात मात्र सर्वांत आधी मास्ककडेच जातो. हा क्रम सांगणारा कागद भिंतीवर असतो, पण तो बहुधा इंग्रजीत, कुणाच्या तरी मोबाइलवरून छापलेला, तारीख नाही, सही नाही. त्याच खोलीत दूषित कचऱ्याची पिवळी पिशवी बांधणाऱ्या कंत्राटी मावशींना तो वाचता येत नाही. किट सिस्टर आणि मावशी दोघींच्याही अंगावर एकच. सिस्टर सुरक्षित आणि मावशी असुरक्षित, हा फरक त्या कागदाने केलेला असतो.

माहिती वरून खाली उतरायला हवी, तशी खालून वरही चढायला हवी. २००३ च्या सार्स साथीत जगभर नोंदलेल्या ८,०९६ रुग्णांपैकी १,७०६ आरोग्यकर्मी होते, म्हणजे पाचात एक. टोरंटोमध्ये साथ ओसरली असे समजून खबरदारी सैल केली गेली आणि मे महिन्यात ती पुन्हा उसळली. वॉर्डातल्या परिचारिकांना वेगळ्या वाटणाऱ्या रुग्णांची शंका आधीच आली होती, पण ती ऐकून घेतली गेली नाही, असे पुढे चौकशी आयोगाने नोंदवले. टोरंटो ज्यात येते त्या ऑन्टारियो प्रांतात ४४ जण दगावले. त्यांत दोन परिचारिका आणि एक डॉक्टर होते. आपल्याकडे मुंबईतील एका खासगी रुग्णालयात एप्रिल २०२० मध्ये २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले, तेव्हा रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने बाधित आणि मृत आरोग्यकर्मींची माहिती केंद्राकडे ठेवली जात नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनने लगोलग मृत्यू पावलेल्या ३८२ डॉक्टरांची यादी पुढे केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत आकडे आले ते १६२ डॉक्टर, १०७ परिचारिका आणि ४४ आशा सेविकांचे. असोसिएशनचा डॉक्टरांचाच आकडा ७३४ होता. वाद रंगला तो डॉक्टरांच्या संख्येवर. शवागारातले कामगार, सफाई कर्मचारी, रुग्णवाहिकेचे चालक कोणाच्या यादीत, हे कुणी हट्टाने विचारले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२१ पर्यंतच्या आरोग्यकर्मींच्या मृत्यूंचा अंदाज ८० हजार ते १ लाख ८० हजार असा दिला. या दोन टोकांमधले अंतरच मोजणीची कथा सांगते. आणि जे मोजलेच नाही, ते कोणत्या वॉर्डात, कोणत्या कामात घडले हे तरी कसे कळणार?

यावर प्रशासकांचा ठरलेला आक्षेप असतो: खरे सांगितले तर उद्या कामावर कोण येईल? भीती खरी आहे. पण न सांगितल्याने ती जात नाही, कॅन्टीनमध्ये अफवा होऊन फिरते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शास्त्रच रोज बदलत असेल, तर रोज नवे सांगून गोंधळ वाढवायचा का? २२ मार्च २०२० ला आयसीएमआरच्या कृतिदलाने आरोग्यकर्मींना प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या सुचवल्या. वर्षभराने जागतिक आरोग्य संघटनेने या वापराविरुद्ध ठाम शिफारस केली. मार्च २०२० मध्येच हा रोग हवेतून पसरत नाही असे संघटनेने ठासून सांगितले होते, आणि पुढे तिला ती भूमिका बदलावी लागली. सल्ला बदलला हा दोष नव्हे. त्यामागचा पुरावा किती पातळ आहे, हे गोळी घेणाऱ्याला सांगितले गेले नाही, हा दोष. ‘आज एवढेच कळले आहे, पंधरा दिवसांनी पुन्हा पाहू’ असे ऐकलेला माणूस बदल पचवतो. ‘हेच बरोबर’ असे ऐकलेल्याला बदल म्हणजे फसवणूक वाटते, आणि पुढच्या खऱ्या सल्ल्यावरही तो विश्वास ठेवत नाही. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले तेव्हा पहिला मान आरोग्यकर्मींचा होता. बिचकणारेही त्यांच्यातच कमी नव्हते.

बाधितांची नावे फुटतील, हा आक्षेप चटकन निकालात काढता येतो: वॉर्ड आणि कामाचा प्रकार यांनुसार फक्त संख्या सांगा. मास्कच नसतील तर माहिती घेऊन काय चाटायची, असे विचारणाऱ्यांना मात्र उलटे सांगावे लागेल. तुटवड्यातच माहितीची गरज अधिक. एन-९५ कोणाला, किती दिवसांसाठी, कोणत्या निकषाने, हे फळ्यावर लिहिलेले असेल तर वाटप धोक्यानुसार होते. नसेल तर हुद्द्यानुसार.

तंजावूरचा दाखला ताणू नये, हे मान्य. तो राजाश्रय होता, साथ नव्हे, आणि तेथील रुग्ण मोजके होते. शिवाय त्याचा अर्थ ‘सगळे मराठीत करा’ असा कुणी काढला तर तो नेमका उलटा ठरेल. मुंबई-पुण्याच्या अनेक वॉर्डांत मल्याळम बोलणाऱ्या परिचारिका आहेत, आणि सफाईच्या कंत्राटावर आलेल्या कामगारांची भाषा आणखी तिसरीच. तेव्हा आपल्या वाचकांपैकी जे संसर्ग नियंत्रण समितीवर आहेत, त्यांच्याकडे मागणे मर्यादित आहे. प्रत्येक परिपत्रकावर तारीख, सल्ल्याचा आधार आणि पुन्हा तपासण्याचा दिवस छापा. पाळी बदलताना ते वॉर्डाच्या बोलीत पाच मिनिटे मोठ्याने वाचले जाऊ द्या, कंत्राटी मावशी आणि मामांनाही उभे करून. त्यांनी विचारलेला प्रश्न त्याच दिवशी नोंदवहीत घ्या, आणि त्याचे उत्तर पुढच्या परिपत्रकात सर्वांत वर येऊ द्या.