सही कोणाची, जबाबदारी कोणाची?



नागपुरातले सक्करदरा म्हटले की भोसले राजांची आठवण येते. त्यांच्या राज्यात राजाचा हुकूम अखेरचा. रयतेने जाब कोणाला विचारायचा? तिसरे रघुजी १८५३ साली निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले.

आज एखादा शासन निर्णय हाती आला तर त्याचा शेवट वाचा. 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असे तिथे लिहिलेले असते. म्हणून मदत राज्यपालांनी अडवली असे समजू नका. नाव त्यांचे, निर्णय मंत्रिमंडळाचा. घटनेच्या १६४ व्या कलमाप्रमाणे सगळे मंत्रिमंडळ मिळून विधानसभेला जबाबदार असते. २८८ जणांच्या सभागृहाचा विश्वास गेला, की एका मंत्र्याची नव्हे, सगळ्यांचीच खुर्ची जाते.

१९५३ च्या नागपूर करारात दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात घ्यायचे ठरले आहे. पंचनामा होऊनही नुकसानभरपाई मिळाली नसेल, तर गट नंबर आणि पंचनाम्याची तारीख लिहून अर्ज अधिवेशनाच्या बरेच आधी आपल्या आमदारांना द्या. सभागृहात प्रश्न लागला की उत्तर मंत्र्यांनाच द्यावे लागते. अर्जाची एक नक्कल मात्र घरी जपून ठेवा.