संगणकातील मक्षिकास्थाने मक्षिका

शासनाच्या जुन्या संगणक-प्रणाली नव्या संगणकीय भाषेत उतरवण्याचे काम बहुधा 'तांत्रिक बाब' असा शेरा मारून ठेकेदाराकडे सोपवले जाते. माझा आक्षेप या शेऱ्यालाच आहे.

एक उदाहरण पाहू. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्र शासनाने २००८ साली केलेल्या नियमांत वार्षिक वेतनवाढ तीन टक्के होती. हिशोबातले पैसे आधी सोडायचे आणि मग रक्कम पुढच्या दहाच्या पटीत न्यायची, असा दंडक होता. म्हणजे हिशोब १९००.७० रुपये आला तर वेतनवाढ १९००. १९०१ आला तर १९१०.

समजा, हा हिशोब कोबॉलमध्ये लिहिलेला आहे. तिथे उत्तराच्या रकान्याला दशांशस्थळे दिली नसतील आणि पूर्णांकनाची वेगळी आज्ञा नसेल, तर पैसे आपोआप गळून पडतात. त्यासाठी एकही ओळ लिहावी लागत नाही. नियम रकान्याच्या व्याख्येत दडून राहतो. हीच आज्ञावली दशांश-संख्या वापरून जावामध्ये ओळीला ओळ लावून उतरवली की पैसे टिकतात आणि १९००.७० चे १९१० होतात. प्रणाली अडत नाही, चूक दाखवत नाही. दहाच रुपये, पण पुढची वेतनवाढ, महागाई भत्ता, निवृत्तिवेतन त्याच पायावर उभे राहते. आणि लेखापरीक्षणात वसुली निघालीच, तर ती कर्मचाऱ्याच्या नावावर निघते.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता हजारो ओळी काही मिनिटांत उतरवून देते, मग चिंता कसली, असे म्हटले जाते. जुनी आज्ञावली काय करते हे यंत्र सांगू शकेल. पण ती जे करते तो शासनाचा नियम होता की कुणाची जुनी चूक, हे यंत्राने कसे ठरवावे? ते ठरवण्याचा अधिकार आणि जबाबदारी विभागाची आहे.

म्हणून तीन गोष्टी कंत्राटातच हव्यात. मूळ आज्ञावलीची मालकी शासनाची असावी. प्रत्येक हिशोबाचा नियम आधी साध्या भाषेत लिहून अधिकाऱ्याने त्यावर सही करावी. आणि जुनी व नवी प्रणाली पूर्ण आर्थिक वर्षभर, मार्चअखेरसह, समांतर चालवून प्रत्येक फरकाचा लेखी खुलासा घ्यावा.

यात वेळ जाईल, हे खरे. पण जो नियम आपल्याला आपल्याच भाषेत लिहिता येत नाही, तो यंत्राच्या दुसऱ्या भाषेत नेण्याची घाई आपण कोणत्या अधिकाराने करतो?