कोपऱ्यातला साक्षीदार

आपल्या घरांत कॉम्प्युटर आला तो मुलांच्या अभ्यासाचे निमित्त करून. मुले शिकली, पांगली. फोन प्रत्येकाच्या खिशात आला. आणि तो बिचारा कॉम्प्युटर अंगावर विणलेले कापड पांघरून कोपऱ्यात बसला. दिवाळीची साफसफाई निघाली की गृहिणी त्याच्यासमोर उभी राहून विचारते, "याचे आता करायचे काय?" भंगारवाल्याला हाक घालण्यापूर्वी माझे थोडे ऐकून घ्या. हे यंत्र दोन जुनी घरगुती कामे फार चांगली करते. ते पंचांग होऊ शकते आणि ते वही होऊ शकते. कसे, ते पाहायला आपण माहुलला जाऊ.

माहुल म्हणजे चेंबूरच्या दक्षिणेला, मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरचे जुने कोळ्यांचे गाव. आपल्या किनाऱ्यावर भरतीचे एक सोपे गणित चालत आले आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारच्या अलीकडे एक भरती, आणि सुमारे साडेबारा तासांनी दुसरी. आता कॉम्प्युटर उघडून मुंबई बंदराचे भरतीचे वेळापत्रक या तोंडी हिशेबाशेजारी ठेवा. कुठे दहा मिनिटांचा, कुठे तासाभराचा फरक निघेल. पण शाळेची पायरीही न चढलेल्या माणसांनी केवढे नेमके गणित जिभेवर ठेवले होते, हे पाहून मुले चकित होतील.

आणखी एक गंमत सांगतो. भरतीचे भाकीत हे यंत्राचे काम आजचे नव्हे. १८७९ मध्ये लंडनला, हिंदुस्थानच्या बंदरांच्या भरत्या आधी काढण्यासाठी चाके आणि कप्प्या यांचे एक यंत्र बनवले गेले. चंद्रसूर्याच्या ओढीचे वीसएक वेगवेगळे हेलकावे ते एका दोरीवर बेरीज करून कागदावर उतरवी. म्हणजे तुमच्या कोपऱ्यातल्या पेटीचा हा पितळी पणजोबाच म्हणायचा!

या वेळापत्रकाचा घरच्या माणसांना उपयोग काय? शिवडी-माहुलच्या चिखलावर दिवाळीनंतरच्या महिन्यांत रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, येतात. पूर्ण ओहोटीला ते दूर चिखलात असतात, पूर्ण भरतीला चिखलच पाण्याखाली जातो. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात. वेळापत्रक पाहून निघालेले कुटुंब पक्षी पाहून येते. न पाहता निघालेले कुटुंब डबा खाऊन परत येते.

इथवर झाले पंचांगाचे. वहीचे काम मात्र इतके हसण्याचे नाही.

माहुलच्या शेजारी १९५४-५५ मध्ये दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पुढे रसायनांच्या साठवणीच्या टाक्याही आल्या. वासाची तक्रार तिथे जुनी आहे. पण वासाची एक मोठी पंचाईत असते. तो रात्री दोनला येतो आणि सकाळी साहेब पाहणीला येईपर्यंत निघून जातो. त्याला साक्षीदार नसतो.

तुम्ही म्हणाल, आता हवेचा निर्देशांक घरबसल्या दिसतो. दिसतो खरा. २०१५ पासून आपल्या देशात तो शून्य ते पाचशे अशा आकड्यांत सांगितला जातो. पन्नासपर्यंत हवा चांगली, चारशेच्या पुढे अतिगंभीर. फटाक्यांच्या रात्री तो जरूर पाहावा आणि मुलांनाही दाखवावा. पण त्या आकड्यात धूळ, गंधकाची आणि नत्राची संयुगे, ओझोन असे आठच घटक मोजलेले असतात. टाक्यांतून उडणाऱ्या बेंझीनसारख्या वाफा त्यात नाहीत. तेव्हा आकडा "समाधानकारक" म्हणत असताना आजीचे डोळे चुरचुरू शकतात, आणि खोटे कोणीच बोलत नसते.

म्हणून वही हवी. कॉम्प्युटरवर पाच रकान्यांचा एक तक्ता करा: तारीख, वेळ, वास कशासारखा, वारा कुठून, घरात कोणाला काय त्रास झाला. रोज एक ओळ. वास आला नाही, तर "आला नाही" असे लिहायचे. तेच लिहिले नाही तर उरलेल्या नोंदींना किंमत राहत नाही. तीन महिन्यांनी वाऱ्याच्या रकान्याप्रमाणे ओळी लावा. कागदी वहीत ज्याला आठवडा लागेल, ते इथे चुटकीसरशी होते. मग "नेहमी वास येतो" या वाक्याच्या जागी "अमुक दिशेच्या वाऱ्याला, तमुक वेळी, नव्वदांपैकी इतक्या रात्री" असे वाक्य उभे राहते. पहिल्या वाक्याला अधिकारी मान डोलावतात; दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते.

अशा उत्तराची गरज किती आहे, हे माहुलनेच दाखवले आहे. रहिवासी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने, माहुल आणि आंबापाडा येथील हवेमुळे लोकांच्या आरोग्याला धोका आहे, असे मानले. तानसा जलवाहिनीलगतची घरे हटवल्यावर जी कुटुंबे माहुलच्या वसाहतीत पाठवली जात होती, त्यांना तिथे धाडू नये व घरभाड्यापोटी दरमहा १५,००० रुपये द्यावेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. ज्या हवेला लोक नाक मुरडत होते, ती कागदावर आल्यावरच न्यायालयाला दिसली.

तुमच्या गल्लीत कारखाना नसेल. पण गढूळ पाणी, रात्रीचा भोंगा, वरचेवर जाणारी वीज, यांपैकी काहीतरी असेलच. व्यापारी पाडव्याला नवी वही उघडतात. आपणही त्या दिवशी कोपऱ्यातले कापड काढावे, यंत्रावरची धूळ पुसावी, हळदकुंकू वाहावे आणि पहिली ओळ लिहावी. भंगारवाला काय, पुढल्या दिवाळीलाही येईलच!